शेजारी कोण बसणार? ऑनलाइन शिक्षणाने शिकवलेला धडा

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८, वचने २६ ते ४०



गेल्या तिमाहीत एका मंडळीकडून निरोप आला : "तुमच्या मुलांसाठी वीस टॅब द्यायची आमची इच्छा आहे. कधी पाठवू?" निरोप वाचून मन भरून आले. तरी मी लगेच होकार कळवला नाही. त्याचे कारण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत दडलेले आहे. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

१. गोरेगाव परिसरात काय घडले

गोरेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. शिवारात सोयाबीन, तूर, हळद. जिल्ह्यात आंध आदिवासी समाजाची वस्ती बरीच आहे. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. मार्च २०२० मध्ये शाळा आणि वसतिगृहे बंद झाली, तेव्हा आश्रमशाळांतली मुले आपापल्या पत्र्याच्या पेट्या उचलून घरी आली. जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली, ती मोबाइलवर.

शासनाने हातपाय हलवले नाहीत असे म्हणता येणार नाही. दीक्षा ॲपवर धडे होते, पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून ते उघडता येत. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागे. पण नववी-दहावीच्या मुलांची मुख्य शाळा म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप.

शिक्षकांनीही मोठी कसरत केली. आमच्या ओळखीचे गणिताचे एक सर पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी पुस्तकांच्या दोन थप्प्या रचल्या, त्यांवर आडवी पट्टी ठेवली, पट्टीवर मोबाइल, आणि खाली वही ठेवून गणिते सोडवत चित्रण केले. मुलांकडे व्हिडिओ उघडेनात, तेव्हा त्यांनी वहीच्या पानाचा फोटो आणि सोबत पाच मिनिटांचा आवाज पाठवायला सुरुवात केली. कमी रेंजमध्येही ते पोहोचत असे. मुलांनीही आपली वाट काढली. कोणी गच्चीवर, कोणी बांधावर जाऊन धडा उतरवून घ्यायचा आणि घरी येऊन ऐकायचा.

२. आमची चूक

त्या काळात आम्ही जुने मोबाइल गोळा केले, दुरुस्त केले आणि घरोघर दिले. फोटो काढले, अहवाल लिहिला. मला मनापासून वाटले, काम झाले.

दोन महिन्यांनी नववीतल्या एका मुलीच्या घरी गेले. "अभ्यास कसा चाललाय?" म्हटले, तर तिने वही पुढे केली. सगळी गणिते सोडवलेली, उत्तरे बरोबर. एक उदाहरण मला समजावून सांग म्हटल्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "ताई, हे उणे इकडून तिकडं गेलं की अधिक कसं होतं? तीनदा व्हिडिओ पाहिला. त्याला इचारता येत नाही ना."

मोबाइल दिवसभर तिच्या भावाजवळ असे. रात्री स्वयंपाक आणि भांडी आटोपल्यावर तो तिच्या हाती येई. तोवर चार्जिंग संपत आलेले. मग ती मैत्रिणीच्या वहीचा फोटो मागवून उत्तरे उतरवून काढी आणि सरांना पाठवी. सर 'छान' लिहीत. सरांचे तरी काय चुकले? वर्गात मुलाचा चेहरा पाहून कळते की डोक्यात शिरले नाही. फोटोत फक्त अक्षर दिसते.

त्याच गटातली दुसरी एक मुलगी पुढे शाळेत परत आलीच नाही. सोळावे चालू असताना तिचे लग्न लावून दिले. आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. तिचे वडील आम्ही दिलेला मोबाइल घेऊन आले. पुसून स्वच्छ केलेला, पूर्ण चार्ज केलेला. म्हणाले, "तुमची वस्तू हाय, ठेवून घ्या." तो मोबाइल अजून आमच्या कपाटात आहे. त्या घरात आम्ही वस्तू पोहोचवली होती, पण पुढे सहा महिने त्या घराची पायरी चढलो नव्हतो.

३. आकडे काय सांगतात

'असर' हे ग्रामीण शिक्षणाचे सर्वेक्षण देशभर होते. त्यानुसार २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सुमारे ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये तो सुमारे ६२ टक्के घरांत पोहोचला. पण २०२० च्या त्याच पाहणीत, पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळाले असे साधारण एक तृतीयांश मुलांच्याच बाबतीत आढळले. पुढे २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के निघाले आणि मुली सुमारे २० टक्के. याच वयातल्या चारांपैकी एकाला दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. म्हणजे घरात फोन आला तरी तो मुलीच्या हाती येतोच असे नाही, आणि हाती आला तरी धडा समजतोच असे नाही.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. पण गुणपत्रिकेवरून कोणाला खरेच काय येते, हे त्या वर्षी कळण्याची सोय नव्हती.

४. जिथे जमले, तिथे काय होते

पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर 'बोलकी शाळा' चालली. धडे ध्वनिमुद्रित करून ध्वनिक्षेपकावर लावायचे, मुले अंतर ठेवून बसायची आणि सोबत एक स्वयंसेवक असायचा. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. आदिवासी विकास विभागाच्या 'अनलॉक लर्निंग' उपक्रमात छापील अभ्यासपुस्तिका गावापर्यंत नेण्यावर भर होता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचे नाव क्यूआर कोडसाठी गाजले. पण मुलींनी शाळेत यावे म्हणून त्यांनी केलेली धडपडही तितकीच मोलाची आहे.

या सगळ्यांची साधने वेगवेगळी होती. सारखे होते ते एकच : मुलांच्या वस्तीपर्यंत चालत जाणारे कोणीतरी होते.

५. वचनातून शिकू या

आता वाचनभागाकडे वळू. यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या वाटेवर एक कूशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत आहे. त्या काळी असे पुस्तक जवळ असणे ही साधी गोष्ट नव्हती. म्हणजे साधन आहे, वेळ आहे, वाचण्याची ओढही आहे. फिलिप्प तीन गोष्टी करतो.

पहिली, तो धावत रथाजवळ जातो आणि विचारतो, हे तुम्हाला समजते का? 'पोहोचले का' असे विचारत नाही. आम्ही घरोघर 'मोबाइल चालतो ना?' एवढेच विचारत राहिलो.

दुसरी, तो अधिकारी मोकळेपणाने सांगतो की वाट दाखवणारा नसेल तर मला कसे समजणार, आणि फिलिप्पाला वर बोलावतो. फिलिप्प त्याच्या शेजारी बसतो. खाली उभा राहून भाषण करत नाही.

तिसरी, तो त्याच शास्त्रभागापासून सुरुवात करतो जिथे अधिकारी अडला आहे. नववीच्या मुलीला अधिक-उणे अडत असेल, तर तिथूनच सुरुवात करायला हवी. त्यात कमीपणा नाही.

६. आज आम्ही काय करतो

ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले. तरी आम्ही संध्याकाळचा अभ्यासगट बंद केला नाही. वस्तीतलीच बारावी झालेली एक ताई दोन तास बसते. पाच मुलांत एक टॅब. व्हिडिओ दोन मिनिटे चालतो, मग ताई तो थांबवते आणि विचारते, "आता मला सांग." सांगता आले नाही, तर पुन्हा मागे. तिलाही अडले, तर प्रश्न आवाजात नोंदवून सरांना पाठवते. सरांचे उत्तर सगळे मिळून ऐकतात. तंत्र तेच आहे. फरक इतकाच की आता त्याला विचारता येते. आणि एखादी मुलगी दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी ताई तिच्या दारात असते.

उणे-अधिक विचारणारी ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, बारावीही झाली. आज ती अभ्यासगटातली आमची दुसरी ताई आहे.

म्हणून त्या मंडळीला मी असे कळवले : चार टॅब पुरेत. उरलेल्या रकमेतून दोन तायांचे दोन वर्षांचे मानधन द्या. तायांचा फोटो टॅबच्या खोक्यांइतका उठून दिसणार नाही, हेही लिहिले. उत्तराची वाट पाहत आहोत. याविषयी प्रार्थना करावी.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपण दिलेल्या शेवटच्या देणगीचे पुढे काय झाले, हे आपण विचारले का?

२. आपल्या घरातला मोबाइल मुलीच्या हाती किती वेळ असतो आणि कामे कोणाच्या वाट्याला येतात?

३. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक किंवा कॉलेजात शिकणारे कोण आहेत? त्यांतले कोण आठवड्यातून एक तास एखाद्या मुलाशेजारी, निदान फोनवर, बसू शकतील?

४. "समजते का?" हा प्रश्न या आठवड्यात आपण कोणाला विचारणार?

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.

आपली ख्रिस्तसेवेतील भगिनी