‘सगळं बरं हाय’ म्हणण्याआधी

थोरला बागेवर, धाकटा गलाईच्या दुकानात, लेक पुण्यात. आमच्या कवठे महांकाळ भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी केरळपासून दिल्लीपर्यंत पांगली. माझा धाकटा भाऊही असाच कोइमतूरला आहे. अशा घरांतून फोनवर एक वाक्य हमखास जातं, "सगळं बरं हाय, काळजी करू नगंस." या वाक्यापायी आमच्या वडिलांचा, आबांचा, उजवा हात गेला, असं मला आजही वाटतं.

मार्च महिना होता, इकडे पुण्यात माझ्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी न्याहारी करताना आबांच्या हातून भाकरीचा तुकडा गळला, तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं बोबडं झालं. दादाने गाडी काढली आणि तडक मिरज गाठली. डॉक्टरांनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कोणती? आबांच्या हृदयाची तपासणी पुण्यात झालेली, फाइल माझ्या कपाटात. पण "पोरीची परीक्षा हाय, ताईला कशाला घोर लावायचा" म्हणून मला फोनच केला नाही. घरून गोळ्यांचा डबा मागवला, तर त्यात पाकिटातून काढून ठेवलेल्या सुट्या पांढऱ्या गोळ्या! मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांवर ते दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. शोधाशोधीत वेळ टळली. आबांना साधी अ‍ॅस्पिरिन चालू होती, तिच्यावर इंजेक्शन देता येतं. मला कळलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

त्याहून जिव्हारी लागलं ते पुढे कळलं. आदल्या आठवड्यात आबांचा हात जड पडून थोड्या वेळाने आपोआप सुधारला होता. आईने ते पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी ती माझ्याशी फोनवर बोलली, ती मात्र बेदाण्याच्या शेडबद्दल. हात, तोंड, वाचा जाऊन परत आली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. ती पक्षाघाताच्या मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते.

पूर्वी दारात तार आली की घरात रडारड व्हायची. 2013 च्या जुलैत तार बंद झाली. आता खिशात फोन आहे, कुटुंबाच्या ग्रुपवर रोज फुलं येतात, आणि खरी बातमी तेवढी दडवली जाते. माया असते म्हणूनच दडवतात, हे मला कळतं. तरी सांगते, लांबच्या माणसाला घाबरण्याचा हक्क आहे. त्याच्याकडे फाइल असेल, पैसा असेल, ओळखीचा डॉक्टर असेल.

म्हणून एवढं करा. आई-वडिलांच्या गोळ्यांची नावं आणि वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, त्याचा फोटो सगळ्या भावंडांकडे असू द्या. गोळ्या पाकिटातून काढू नका. आजारी माणूस शेवटचं धडधाकट कधी दिसलं, ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. कुणी कुणाला कळवायचं तेही आजच ठरवा; दवाखान्यात धावणाऱ्यावर ते काम टाकू नका. फोनवर आधी माणूस शुद्धीवर आहे का, कुठल्या दवाखान्यात आहे, ते सांगा. "तू निघ, आल्यावर बोलू" एवढंच ऐकून कोइमतूरहून निघालेल्या माणसाचा जीव वाटभर टांगणीला लागतो.

आणि तिकडच्यांनीही बोलावं. दुकानात खोट आली, उधारी अडकली, तर गावी कळू द्या. आमच्या धाकट्याने तशी अडचण वर्षभर लपवली होती. दादाने मात्र त्याच्याच भरवशावर सोसायटीचं कर्ज उचललं होतं. आता दर रविवारी रात्री आम्ही तिघं भावंडं बोलतो. आबा डाव्या हाताने फोन धरतात आणि आधी दुखणं सांगतात, मग पाऊसपाणी.