गोचिडाची लाळ आणि कुत्र्याचा ताप

सांगोल्याचा परिसर माणदेशात मोडतो. पाऊस कमी, माळरान मोठे. मेंढ्यांच्या कळपामागून किंवा डाळिंबाच्या बागेत राखणीला जाणाऱ्या धन्याबरोबर येथील कुत्रा दिवसभर हिंडतो. संध्याकाळी त्याच्या कानामागे किंवा बोटांच्या बेचक्यात करड्या मण्यासारखे काहीतरी हाताला लागते. तो गोचीड. ‘कुत्रा म्हटला की गोचीड असायचेच’ असे म्हणून आपण दुर्लक्ष करतो. पुढे तोच कुत्रा भाकरीला तोंड लावीत नाही, त्याला ताप भरतो, कधी नाकातून रक्त येते आणि एके दिवशी तो दगावतो. लोक म्हणतात, उन्हाने गेला. पुष्कळदा दोष उन्हाचा नसतो. गोचिडाने दिलेल्या रोगाचा असतो.

विद्यार्थी मित्रहो, गोचीड हा कीटक नव्हे. कोळी आणि विंचू यांच्या वर्गातला तो प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिलाला सहा पाय असतात. ते रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि त्याला आठ पाय येतात. ही दुसरी अवस्था पुन्हा रक्त पिते, पुन्हा खाली पडते आणि कात टाकून प्रौढ होते. प्रौढ मादी तिसऱ्यांदा रक्त पिते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालून मरते. म्हणजे कुत्र्याच्या गोचिडाच्या आयुष्याचा मोठा भाग कुत्र्याच्या अंगावर नव्हे, आपल्या घराच्या भिंतीत जातो. हे लक्षात ठेवा.

कोरड्या हवेतून पाणी

एवढासा जीव माणदेशातल्या कोरड्या हवेत सुकून कसा जात नाही? पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते हे तुम्ही पाहिले असेल. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प शोषून घेते. गोचीड हीच युक्ती वापरतो. तो तोंडाशी क्षारयुक्त लाळ आणतो, ती बाष्प शोषते, आणि तो ती परत गिळतो. यासाठी लागणारी आर्द्रता जातीनुसार सुमारे 75 ते 95 टक्के असते. मे महिन्यातील दुपारच्या उघड्या हवेत ती मिळत नाही. पण दगडी भिंतीच्या सांदीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात मिळू शकते. शिवाय कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड इतर अनेक जातींपेक्षा कोरडी हवा अधिक सोसतो. प्रौढ गोचीड वर्षभराहूनही अधिक काळ उपाशी राहू शकतो.

फुगण्याचे गणित

उपाशी मादीची लांबी सुमारे 3 मिलिमीटर असते. पोटभर रक्त प्यायल्यावर ती सुमारे 12 मिलिमीटर होते. लांबी चौपट झाली. आकार तोच राहिला असे धरले, तर घनफळ 4 × 4 × 4, म्हणजे 64 पट होईल. प्रत्यक्षात उपाशी मादी चपटी असते, म्हणून वाढ याहूनही अधिक असते. वजन जवळजवळ शंभरपट होते.

आणि हा सगळा हिशेब नव्हे. रक्तात बरेचसे पाणी असते. गोचिडाला हवी असतात त्यातील पोषक द्रव्ये. म्हणून जास्तीचे पाणी तो लाळेवाटे पुन्हा कुत्र्याच्या अंगात सोडतो. रक्त आत, लाळ बाहेर, असा हा पंप कित्येक दिवस चालतो. हवेतून पाणी मिळवणारी लाळच येथे रोगजंतूंची वाट बनते.

तीन रोग, दोन वाटा

एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत वाढतो आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी करतो. म्हणून नाकातून रक्त येते. गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच तो कुत्र्याच्या शरीरात जाऊ शकतो. बाबेसिया हा आदिजीव तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात आणि कधी लघवी गडद होते. त्याला लाळेतून येण्यास बहुधा दोन-तीन दिवस लागतात. तिसरा हेपाटोझून मात्र चावण्यातून येत नाही; अंग चाटताना कुत्र्याने गोचीडच गिळला तर होतो.

गोचीड रोग पसरवतो हे अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये गुरांच्या तापाबाबत सिद्ध केले. बाबेसियाची एक जाती तर 1910 मध्ये पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात शोधली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील 525 कुत्र्यांचे रक्त तपासले गेले. सूक्ष्मदर्शकाने सुमारे 8 टक्के कुत्र्यांतच जंतू दिसले. जनुकीय चाचणीने मात्र 49.5 टक्क्यांत सापडले. काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असे म्हणता येत नाही.

काय करावे?

माळावरून परतलेल्या कुत्र्याचे अंग रोज चाचपावे. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. तो बोटांनी चिरडू नये. याच गोचिडापासून माणसालाही एक प्रकारचा ताप येऊ शकतो. रॉकेल किंवा जळती काडी लावू नये. डाळिंबावर फवारायचे औषध कुत्र्याला कधीही चोळू नये. तो ते चाटतो आणि विषबाधा होते. भिंतीच्या फटी लिंपाव्यात. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला किंवा हिरड्या फिक्या दिसल्या, तर माणसाची तापाची गोळी न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. वेळेवर उपचार झाले तर पुष्कळ कुत्रे वाचतात.

विचार करा

1. एका मादीने 2000 अंडी घातली. शंभरात एकच पिलू प्रौढ झाले आणि त्यांतील निम्म्या माद्या असल्या, तर तिसऱ्या पिढीत किती माद्या असतील?

2. कुत्र्याचे सारे गोचीड काढले, तरी आठवड्याने ते पुन्हा का दिसतात?

3. भिंतीची फट लिंपल्याने गोचिडाचे कोणकोणते नुकसान होते? आर्द्रतेच्या दृष्टीने सांगा.