फोर-के मॉनिटर घेताना

प्रश्न : रायपूरच्या शंकर नगरात राहतो. घरूनच मराठी-हिंदी अनुवादाचं काम करतो. लॅपटॉपला जोडायला २७ इंची फोर-के मॉनिटर घ्यावा का?

उत्तर : जरूर घ्या. दिवसभर देवनागरी वाचणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. २७ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण ८२ पिक्सेल बसतात, फोर-केवर १६३. ‘आर्द्र’मधला रफार, ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरं, शेजारी आलेले वेलांटी-अनुस्वार फोर-केवर सुटे, स्वच्छ दिसतात. प्रुफं तपासताना डोळ्यांना केवढा आराम पडतो!

मात्र जागा चौपट मिळेल असं धरून चालू नका. १०० टक्के स्केलिंगवर अक्षरं फार बारीक दिसतात. ते १५० टक्के केलं की मजकुराला २५६० बाय १४४० इतकीच जागा उरते. तुम्ही पैसे मोजता ते स्पष्टतेचे.

घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट बघा. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा चित्र पाठवू शकणारं यूएसबी-सी हवं, केबलही त्याच तोडीची.

दुकानातल्या झगमगीत व्हिडिओवरून ठरवू नका. स्वतःचा लॅपटॉप न्या, तुमचीच एखादी फाइल उघडा. आयपीएस पॅनल, मॅट पडदा आणि उंची बदलणारा स्टँड घ्या. घरी पडदा खिडकीला काटकोनात ठेवा. रायपूरच्या उन्हाळ्यात समोरची तिरीप मॅट पडद्यालाही आवरत नाही. मृत पिक्सेल किती निघाले तर मॉनिटर बदलून मिळेल, हे लेखी घ्या.