हळद पोटात विरघळते काय?

पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाहावी. पाणी पिवळे होते खरे. परंतु थोड्या वेळाने बरीचशी पूड तळाशी बसते. तीच हळद फोडणीत पडताच तेल कसे रंगून जाते! हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाहीच. फोगेल व पेल्लेतिये यांनी ते १८१५ साली वेगळे काढले.

आपल्या आतड्यांतील रस म्हणजे मुख्यत्वे पाणीच. त्यामुळे गिळलेले बहुतेक कर्क्युमिन तसेच बाहेर पडते. जे थोडे शोषले जाते, त्याचे रूप आतड्याची भिंत व यकृत त्वरित पालटून टाकतात. यावर शास्त्रज्ञांनी अतिसूक्ष्म कणांचा उपाय योजिला आहे. एक मिलिमीटर बाजूच्या घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर वस्तुमान तेवढेच राहते, पण एकूण पृष्ठभाग १०,००० पट होतो. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हिशेब ताडून पाहावा.) विरघळण्याची क्रिया पृष्ठभागावरच घडते, म्हणून ती झपाट्याने होते. कण पुन्हा एकमेकांस चिकटू नयेत यासाठी त्यांवर लेसिथिनसारख्या द्रव्याचे आवरण चढवितात.

मात्र जे अधिक शोषले जाते, ते अपायही अधिक करू शकते. इटलीत २०१९ साली हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांस यकृतदाह झाल्याचे आढळले. शोषण वाढविलेल्या गोळ्याही त्यांत होत्या. आमटीतील हळदीची गोष्ट निराळी. पण घरी कोणी अशा गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांस अवश्य सांगावे, असे आम्हांस वाटते.