जात्यापाशी बसल्यावर

बहिणाबाई चौधरींची भूमिका माझ्याकडे आली तेव्हा त्यांची बरीचशी गाणी मला पाठच होती. तालमींत जे उमगत गेलं, ते गाण्यांच्या आजूबाजूचं आहे.

१. कवयित्रीचा अभिनय करायचाच नसतो, कामाचा करायचा असतो. रंगभूमीवरचा कवी ओळ सुचण्याआधी थांबतो, शून्यात बघतो, असा आपला संकेत. बहिणाबाईंना थांबायला उसंत होती कुठे? दळण, चूल, शेत, गुरंढोरं; हात चालू असतानाच गाणं आलं. म्हणून नेपथ्यासाठी आम्ही हलकं, खोटं जातं नाकारलं आणि दगडाचं आणलं. खुंटा ओढताना जिथे दम लागतो तिथे ओळ थांबते, हात सैल होतो तिथून पुढची निघते. हे विराम मला संहितेत सापडले नव्हते.

२. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग मी तरी कागदावरून का शिकावं? लेवा गणबोली घरात बोलणाऱ्या एका आजींकडून ओळी ऐकत गेले, ‘ळ’चा ‘य’ त्यांच्याच तोंडून उचलला. वाचून पाठ केलेली ओळ डोळ्यांपुढे छापील उभी राहते; ऐकलेली ओळ कुणाच्या तरी आवाजात येते. माझं निम्मं काम त्या आवाजानं केलं.

३. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आलं. तो प्रवेश रडून करायचा नाही, एवढं मी आणि दिग्दर्शकानं ठरवलं. त्यांच्या गाण्यांत दुःख आहे, पण त्याला कुरवाळणं नाही. प्रेक्षागृहातून हुंदका येतो, तेव्हा मी सुपातलं धान्य पाखडत असते.

४. जळगावात प्रेक्षक माझ्या आधी ओळ म्हणतात! एरवी नटाला हे खटकेल. मला तिथे आवाज खाली आणावासा वाटला, आणि मी आणला. प्रयोगानंतर आत भेटायला आलेल्या बायका अभिनयाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. जातं कुठून आणलं, टाकवून घेतलं का, एवढंच त्यांनी विचारलं. एकीनं पदर खोचून, खाली बसून, घास किती टाकायचा तेही दाखवलं. इतका मान मला कुठल्या परीक्षणानं दिलेला नाही.

५. सगळ्यांत अवघड होतं त्यांची कीर्ती विसरणं. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून ठेवली, आचार्य अत्र्यांनी ती वाचकांपुढे आणली. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली निघालं आणि त्या ३ डिसेंबर १९५१ लाच गेल्या. म्हणजे मला ठाऊक, प्रेक्षकांना ठाऊक, फक्त त्यांनाच ठाऊक नाही. प्रवेश करताच पडणारी टाळी त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये. दिग्दर्शकाला सांगून मी तो पहिला प्रवेश बदलून घेतला: आता पडदा उघडतो तेव्हा माझी पाठ प्रेक्षकांकडे असते आणि मी गोवऱ्या थापत असते.