मेगावॅटच्या आकड्यामागे

नोकरीची बहुतेक वर्षं वीज क्षेत्रात गेली. कोणत्या साली महाराष्ट्रात किती मेगावॅट उभे राहिले, कशावर, कुठे, हे तक्ते रोज हाताखालून जायचे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटलेली नाही. त्या तक्त्यांच्या संगतीत उमगलेलं थोडंसं इथे मांडतो.

१. स्थापित क्षमता वाढली म्हणजे वीजही तेवढीच वाढली, असं होत नाही. एक मेगावॅटचा संच वर्षभर क्षणभरही न थांबता चालला, तर साधारण ८७ लाख युनिट वीज देईल. कोळशाचा नीट चाललेला संच त्यातली साठेक लाख देतो, सौर प्रकल्प सोळा-सतरा लाख. तक्त्यात मात्र दोघांपुढे आकडा एकच. त्यामुळे नव्या सौर क्षमतेची बातमी आली की मी आनंदतो, आणि लगेच मनात साडेतीननं भागून पाहतो.

२. वाटा घटला म्हणजे ती गोष्ट संपली, असं नाही. आपल्याकडची मोठी वीजनिर्मिती सह्याद्रीतल्या पाण्यावर सुरू झाली. १९१५ साली खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, मोठ्या नळांतून कोकणाच्या अंगाला सोडायचं आणि पायथ्याशी टर्बाइन फिरवायचं. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. गिरण्या गेल्या, ही तिन्ही केंद्रं आजही चालू आहेत. एकूण क्षमतेतला जलविद्युतचा टक्का पुढे खाली येत गेला, तो मुख्यतः भोवती कोळसा वाढला म्हणून. उलट औष्णिक संच लवकर थकतात. चंद्रपूरचे १९८०च्या दशकातले पहिले दोन संच २०१६ मध्ये कायमचे बंदही झाले. भिऱ्याचं नाव घेतलं की त्याला पाणी देणारी मुळशीही आठवायला हवी. या विजेसाठी पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींकरता मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. त्यांची गावं मात्र धरणाखाली गेलीच.

३. वीज जिथे तयार होते आणि जिथे जळते, ती ठिकाणं फार वेगळी आहेत. मी काही वर्षं विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या वसाहतीत राहिलो. कपडे वाळत घालण्याआधी तिथे दोरी ओल्या फडक्यानं पुसायची असते. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोट फिरवलं तर करडी रेघ उमटते. विदर्भात अशी केंद्रं बरीच: चंद्रपूर २९२० मेगावॅट, कोराडी, खापरखेडा, तिरोडा ३३००. कोळसा तिथे म्हणून केंद्रं तिथे, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण त्या विजेचा मोठा भाग पश्चिमेकडे जातो, आणि राख मागे राहते. राज्याची क्षमता वाढली असं आपण म्हणतो, तेव्हा ती राख कुठल्या तालुक्यात पडते हेही त्याच ओळीत लिहायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

४. कोळशाच्या विजेलाही पाणीच लागतं. २०१३च्या फेब्रुवारीत, मराठवाड्यातल्या दुष्काळात, परळीचं ११३० मेगावॅटचं केंद्र पाण्याअभावी थांबलं. कोळसा होता, संच होते, माणसं होती. तक्त्यात ते ११३० तसेच उभे होते.

५. आज दिसणारी क्षमता हा दहा वर्षांपूर्वीच्या निर्णयांचा हिशेब असतो. नव्वदच्या दशकात सगळ्यांचं लक्ष दाभोळच्या वीज प्रकल्पाकडे लागलं होतं. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि महाग विजेच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. मधल्या काळात मागणी वाढतच होती. त्याची किंमत २००५नंतरच्या भारनियमनात मोजावी लागली. गावोगाव दहा-बारा तास वीज नसायची, पिठाच्या गिरणीपुढे डबे रांगेत ठेवून बाया घरी जायच्या. मग २०१०नंतर इतके औष्णिक संच उभे राहिले की काही केंद्रं मागणीअभावी बंद ठेवावी लागली. बंद संचाचाही स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि तो शेवटी आपल्याच बिलात येतो. टंचाई आणि आधिक्य यांच्यामध्ये इतकी थोडी वर्षं होती, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

६. किती वीज, याइतकाच केव्हा हा प्रश्न मोठा आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असा पुरवठा होत आला. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत, बॅटरीच्या उजेडात दारं धरायची. पायाखाली साप, उसात बिबट्या. २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच मोलाची वाटते. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज शेतीच्या फिडरला दिवसा द्यायची. ८७ लाखांच्या हिशेबात ही वीज कमी भरते, पण रात्री बांधावर जाणाऱ्या माणसाला ती मेगावॅटमध्ये मोजायची नसते.

७. सौर जसजशी वाढते तसतशी संध्याकाळ अवघड होत जाते. सूर्य कलतो त्याच सुमारास घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. कोळशाचा संच असा चटकन वर-खाली करता येत नाही, पाण्याचा काही मिनिटांत येतो. कोयना १९६० मेगावॅटची आहे, पण वर्षभर पूर्ण ताकदीनं चालवावी एवढं पाणी तिला मिळत नाही. तिचं पाणी पश्चिमेकडे वळवायला पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे ६७.५ टीएमसीची. तिचं मोल तिच्या वेळेत आहे. आता त्याच कामासाठी उदंचन प्रकल्प येताहेत. दिवसाच्या स्वस्त विजेनं पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८पासून आहे, आणि सह्याद्रीत आणखी अनेकांचे करार झाले आहेत. मला ते हवे आहेत, त्यांच्याशिवाय सौर विजेचं गणित जुळणार नाही. पण वरचा तलाव म्हणजे पुन्हा घाटमाथ्यावरची कुणाची तरी जमीन, आणि कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करताहेत. नव्या प्रकल्पांची क्षमता तक्त्यात चढवण्याआधी या धरणग्रस्तांचा प्रश्न निकाली लागला पाहिजे.