माकडांनी वाटून घेतलेली सावली

आपल्या जालना जिल्ह्यात काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे तुम्ही पाहिली असतील. उर्दूत आपण त्यांना लंगूर म्हणतो. लाल तोंडाचे माकड मात्र निराळे. या माकडांच्या अभ्यासातून शास्त्रज्ञांना एक महत्त्वाची गोष्ट कळली. शरीर किती लवकर म्हातारे होईल, हे केवळ वयावर नव्हे, तर आजूबाजूच्या परिस्थितीवरही अवलंबून असते.

माणसाचे म्हातारपण अभ्यासायला सत्तर-ऐंशी वर्षे लागतात. माकडाचे शरीर बरेचसे आपल्यासारखेच असते. पण ते तीन-चार पट लवकर म्हातारे होते. म्हणून त्याचा अभ्यास उपयोगी पडतो.

1938 साली कारपेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून सुमारे 400 माकडे जहाजाने नेली. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहानशा बेटावर ती सोडण्यात आली. त्यांचे वंशज आजही तेथे मोकळे राहतात.

सप्टेंबर 2017 मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने या बेटावरील निम्म्याहून अधिक झाडी नष्ट केली. बहुतेक माकडे वाचली. पण सावली गेली. तापमान वारंवार 40 अंशांच्या वर जाऊ लागले. शास्त्रज्ञांनी वादळापूर्वीचे व नंतरचे रक्ताचे नमुने ताडून पाहिले. वादळ सोसलेल्या माकडांच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सरासरी दोन वर्षांनी अधिक म्हाताऱ्या दिसल्या. माणसाच्या हिशेबाने ही सात-आठ वर्षे होतात!

ही माकडे तशी भांडखोर. तरीही उरलेल्या थोड्याशा सावलीत ती एकमेकांना जवळ बसू देऊ लागली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जी माकडे अधिक जणांसोबत अशी मिळूनमिसळून राहिली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते.

माकडांची प्रत्येक गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही. पण कडक ऊन आपल्यालाही नवे नाही. 2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, लोक टँकरची वाट पाहत बसले. तो काळ कसा काढला, हे आपल्या दादा-दादींना, नाना-नानींना अवश्य विचारा. उन्हाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना माठातले पाणी नेऊन द्या. दारापुढे एक कडुलिंब लावा आणि त्याच्या सावलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला बसू द्या.

स्वाध्याय
1. वादळानंतर माकडांच्या वागण्यात कोणता बदल झाला?
2. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दुष्काळाविषयी पाच वाक्ये लिहा.